शोकेसमधला गावठी कुत्रा

दिवाळी संपली की मुलं किल्ल्यावरचे मातीचे प्राणी फेकून देतात आणि मी ते उचलून आणते. आज सुनेने शोकेसमधला माझा गावठी कुत्रा मागे सारला आणि पुढे चपट्या नाकाचा, चिनी मातीचा विलायती कुत्रा मांडला.

"हा जातिवंत आहे, आई."

तिचा तसलाच खरा कुत्रा पायाशी बसून धापा टाकत होता. माणसांनी हौसेपायी पिढ्यान्‌पिढ्या जोड्या लावून त्याचं नाक आत दडपलं. गावठीला कुणी घडवलं नाही. तो उष्ट्यावर जगला, पण त्याचा श्वास मोकळा राहिला.

मी माझा कुत्रा उचलून पुन्हा पुढे ठेवला.

"पाहुणे हसतील, आई."

"खुशाल हसू देत. त्यांची नाकं अजून कुणी दाबलेली नाहीत."