मी न दाबलेली पट्टी

आमच्या शिवारातल्या ज्या चिंचेला लोक भ्यायचे, तिच्याखाली मी भर दुपारी झोपा काढल्यात. शाळा चौथीपर्यंत, पण डोळ्यांनी बघितल्याबिगर कशावर विश्वास ठेवला न्हाई. म्हणून हे लिहायला लई दिवस लावले...

गाव औशाजवळ. पन्नास वर्षं भजनात पेटी वाजवतो. शिकवलं थोरल्या भावानं, दिगंबरअण्णांनी. कार्तिकातल्या काकड्यासाठी त्यांनी स्वतः एक चाल बसवली होती. कडबा कापायच्या यंत्रात त्यांचं उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट गेलेलं, त्यामुळं तिसऱ्या ओळीतल्या अवघड वळणावर ते एक पट्टी अंगठ्यानं ठोकायचे — धप्पकन. मंडळी हसायची. अण्णा म्हणायचे, "हसा. दहा बोटं असून तुम्हाला येतंय का?" येत नव्हतंच कोणाला.

अण्णा जाऊन चार वर्षं झाली. आता ती चाल फक्त मला येते, असं सगळा गाव धरून चालला होता. खरं सांगायचं तर तिसरी ओळ मी विसरलो होतो. मंडळात त्या जागी खोकायचो. कबूल करणं माझ्या स्वभावात न्हाई.

मागच्या दिवाळीनंतर नात मेघा मला नांदेडला, विष्णुपुरीत तिच्या घरी घेऊन गेली. "आबा, चाल कॉम्प्युटरमध्ये ठेवू. तुमच्यानंतर कोण वाजवणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं खोक्यातून नवा कीबोर्ड काढला, वायरीनं कॉम्प्युटरला जोडला. मी पट्टी दाबली. आवाज न्हाई.

"दुकानदारानं फसवलं तुला," मी म्हणालो.

"आबा, ह्या वायरीतून आवाज जातच न्हाई. कोणती पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली... एवढाच निरोप जातो. त्याला मिडी म्हणतात. आवाज कॉम्प्युटरनं काढायचा."

मग तिनं सेटिंगमध्ये त्या कीबोर्डचं नाव निवडलं, पेटीचा आवाज लावला, अन् स्पीकर बोलला. पण बोट आधी, सूर मागून. तिनं कुठलातरी आकडा कमी केला, दोन्ही एकदम यायला लागले. लई बोलणारे अन् थोडं जाणणारे मी खूप बघितले. ही पोरगी उलटी हाय. अण्णा असते तर तिला शेजारी बसवून घेतलं असतं.

माझा डावा हात मात्र हवेत हलतच राहिला.

"आबा, ह्याला भाता न्हाई."

"हाताला सांग."

तिनं रेकॉर्डिंग सुरू केलं, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेली. मी वाजवत गेलो. तिसरी ओळ आली अन् उजवा हात थांबला. पट्टीवर नव्हताच, वर होता. स्पीकर गप्प. तेवढ्या मात्रा मनात मोजल्या अन् चौथी ओळ धरली. म्हटलं, ती यायच्या आत उरकलं.

ती आली. प्ले दाबलं. पडद्यावर दाबलेल्या प्रत्येक पट्टीची एक आडवी कांडी दिसते. तिसऱ्या ओळीच्या जागी रिकामं असायला पाहिजे होतं... तिथं कांड्या होत्या. अन् स्पीकरमधून ते वळण आलं. सगळं. एक सूर न सुटता. ऐकतानासुद्धा भाता मारल्यागत हलणारा माझा डावा हात जागीच थांबला.

"काय वळण हाय आबा! आपल्या घरात असं कोणी बांधलं?" मग पडद्याजवळ जाऊन म्हणाली, "पण ही एक पट्टी केवढ्यानं हाणली? बाकी सगळ्या साठ-सत्तर, ही एकशे सत्तावीस. ह्याच्या वर आकडाच नसतो."

मी म्हणालो, "तिथं तसंच वाजवायचं असतं."

तिच्या कॉलेजातल्या एका सरांना मी नंतर गुपचूप विचारलं. ते म्हणाले, जुनी फाइल मिसळली असेल. जुनी फाइल कुठली? कीबोर्ड त्या सकाळी खोक्यातून निघालेला. अण्णांचं वाजवणं कोणी कधी रेकॉर्ड केलेलं न्हाई, मोबाइलवरसुद्धा न्हाई. पट्टी अडकली म्हणावं, तर अडकलेली पट्टी चाल वाजवत न्हाई. मला तरी ह्याचा उलगडा झालेला न्हाई, अन् होईल असं वाटत न्हाई.

गावातली मंडळी आता त्या फाइलवरून चाल शिकायलीत. त्या जागी अंगठा ठोकतात. फाइलवर नाव माझं हाय, अन् मी ते मिरवलं.

हे वहीत लिहिलंय. टाइप करायला मेघाकडंच द्यावं लागणार. तर पोरी, इथपर्यंत आली असशील तर आधी एक काम कर... फाइलवरचं माझं नाव काढ, अण्णांचं घाल.