जिवंत माणसाचं द्वारदर्शन

चोपड्याच्या आसपासच्या गावांत तोताराम आबाच्या भाषणाशिवाय कोणी नीट मरत नसे.

आमच्याकडे माणूस गेला की घरापुढे सतरंज्या अंथरतात आणि सोयरेधायरे गाड्या भरभरून येऊन बसतात. त्याला द्वारदर्शन म्हणायचं. घटकाभर बसायचं, डोळे पुसायचे, कोरा चहा प्यायचा. मग कोणीतरी उभं राहून दोन शब्द बोललं की मंडळी उठायला मोकळी. हे कोणीतरी म्हणजे तोताराम. केळीची बाग मुलाच्या हाती दिली, पण हे काम त्यानं कोणाला दिलं नाही. पांढरी टोपी, खांद्यावर घडीचं उपरणं आणि आवाज असा, की मागच्या आळीतल्या म्हशी रवंथ थांबवून ऐकत.

पण एका दारावर घोटाळा झाला. गेलेल्या माणसाचा जावई कुठल्याशा कॉलेजात मराठी शिकवायचा. तोतारामचं झाल्यावर तो उभा राहिला, घसा खाकरला आणि असं काही बोलला की आवरून बसलेल्या बाया पुन्हा पदर शोधू लागल्या. परतताना तोतारामची बायको मंदाबाई त्याला म्हणाली, "त्यानी रडाडं. तुम्हीन नुसतं उठाडं."

हे तोतारामच्या काळजात रुतलं. जून उजाडला तसा तो चोपड्याला गेला आणि बाहेरून बी.ए. करणाऱ्यांच्या रविवारच्या वर्गात मराठी वाङ्मय घेऊन बसला. वर्गात एक एसटी कंडक्टर, दोन अंगणवाडी ताई, चार-सहा नव्या सुना आणि पहिल्या बाकावर उपरणं घेतलेला हा. मुली उभ्या राहून त्याला जागा द्यायच्या. एक-दोघींनी तर पहिल्या दिवशी सर समजून नमस्कारच केला, कारण शिकवणाऱ्या मॅडम त्या दिवशी उशिरा आल्या.

मोहिनी मॅडम धुळ्याहून एसटीनं यायच्या. त्यांनी घरून व्यक्तिचित्र लिहून आणायला सांगितलं. तोताराम खूश झाला. माणसं सांगण्यात त्याची हयात गेलेली. एक मागितलं तर त्यानं पाच लिहून नेली.

मॅडमनी पाचही वाचली आणि चष्मा काढला. "आबा, हा एकच माणूस पाचदा कसा मेला?"

"एकच नई मॅडम. पाची येगयेगळा शेतस."

"मग पाचही जण मनमिळाऊ, धार्मिक वृत्तीचे आणि शांत स्वभावाचे?"

"मेल्यावर मानूस शांतच ऱ्हास, मॅडम."

कंडक्टर बाकावर डोकं ठेवून हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या माणसाचं असं काहीतरी सांगा, जे दुसऱ्या कोणाचं असूच शकत नाही. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, हा आत्ता दारातून येईल."

केळीचा चीक सदऱ्याला लागला की धुऊन निघत नाही, तसं ते वाक्य तोतारामला लागलं.

पुढच्याच आठवड्यात गावातल्या पतपेढीचे जुने चेअरमन वारले. तोताराम उभा राहिला. "कैलासवासी अत्यंत..." म्हणाला आणि अडला. पुढचा शब्द तोंडात तयार होता, पण तो चेअरमनांचा नव्हता. मग त्यानं सांगितलं, की चेअरमन कोणाच्याही घरी गेले की चहा नको म्हणायचे, आणि मग शेजाऱ्याच्या कपातला अर्धा स्वतःच्या बशीत ओतून घ्यायचे. सगळे जण ओळखीनं माना हलवू लागले. आणि आत, बायांच्या घोळक्यात, चेअरमनांची विधवा फसकन हसली.

दारावर हसू! भाऊबंदांत आग लागली. चेअरमनांचा मुलगा म्हणाला, "आबा, तुमले शिकाले कोणी सांगं व्हतं?" भाऊबंदांचा म्होरक्या हेमराज. त्याचा धंदा मंडप आणि साउंडचा, त्यामुळे कुठलाही तिढा तो वायर जोडून सोडवायचा. त्यानं धुळ्याच्या एका भरदार आवाजाच्या माणसाकडून भाषण भरून आणलं. मधे थोडी जागा कोरी. तिथं माईकवरून फक्त नाव घालायचं. बाकी सगळं तयार : अत्यंत मनमिळाऊ, धार्मिक वृत्तीचे, शांत स्वभावाचे.

म्हणजे तोतारामचीच वाक्यं. जन्मभर तो जे बोलला तेच आता हेमराजच्या स्पीकरचं डबडं बोलू लागलं, आणि त्याला मात्र खाली बसवलं. द्वारदर्शनाला तो जाई, मागे कोपऱ्यात बसे आणि आपलंच भाषण परक्याच्या आवाजात ऐकून घरी येई. जेवण कमी झालं. मंदाबाई म्हणे, "जित्ता मानूसना दुखवटा मी कितला दिन पाळू?"

अशात धनसिंग नाना त्याच्या ओट्यावर आला. ऐंशी ओलांडलेला, काठीपेक्षा ताठ. म्हणाला, "तोताराम, मी मरसू तवय ते डबडं नको. तू बोल. पन आधी माले ऐकाड. मेल्यावर मी काय ऐकसू?"

हेमराजलाही बोलणं पटलं. "ठीक शे. नानाले पटनं तर माईक पुन्हा तुन्हा. नई पटनं तर डबडं, कायमचं."

तोतारामनं आठवडाभर डोकं खाजवून लिहिलं. रविवारी वर्ग बुडवला. नानाचा हट्ट, की करायचं तर रीतसर. म्हणून नानाच्या घरापुढे सतरंज्या अंथरल्या, हेमराजनं स्पीकर लावला, पाच-सात भाऊबंद टोप्या घालून बसले. आपल्या द्वारदर्शनाला आपणच पुढे बसणं बरं दिसत नाही, म्हणून नाना आत, दाराच्या पडद्यामागं खुर्चीवर.

चुकलं ते इथंच. आमच्याकडे दारावर कोणी "कोण गेलं?" असं विचारत नाही. विचारणं म्हणजे आधी न कळल्याची कबुली, आणि तो अपमान. शेतातून येणाऱ्या एका बाईनं सतरंज्या पाहिल्या, डोक्यावरचा भारा उतरवला, पदर तोंडाला लावला आणि बसली. तिच्या मागून दुसरी. मग दूधवाला. मग अख्खी आळी. भाऊबंदांना वाटलं, लोक भाषणाला आले. लोकांना वाटलं, नाना गेला. कोणीतरी शिरपूरला फोन लावला, आणि तोताराम कागदाची घडी उलगडतोय तोवर नानाची बायको यशोदाबाई, तिच्या माहेरची माणसं दोन गाड्या भरून, दुखवट्याचं कापड घेऊन दाराशी उतरली. यशोदाबाई सांगायला पुढे धावली, पण भावजयीनं तिच्या गळ्यात मिठी मारून हंबरडा फोडला. गळ्यात पडलेल्या बाईबरोबर रडावंच लागतं, तशी रीत आहे. यशोदाबाई रडू लागली. रडता रडता "अवं, जित्ता शेतस..." म्हणत होती, पण असं तर सगळ्याच म्हणतात.

आता थांबवणं कोणाच्याच हातात नव्हतं. तोताराम उभा राहिला.

"नाना," तो म्हणाला, "आपली पानीनी बारी संपली तरी रातना शेजारना पाट फोडीसन पानी आपला बागमा घे. अन् सकायले त्याच शेजारले सांगे, तुन्हा उंदरंस्नी पाट फोडा, जरा ध्यान दे."

शेजारी समोरच बसला होता. "हां!" तो ओरडला. "मी म्हनतच व्हतू!"

"अन् धुयाना दवाखानामा यशोदा अक्का हात हालवू शकत नव्हती, तवय मी डबा लई गयतू. देखं तर नाना खाटवर तिना मांगे बसेल. तिनी वेणी घाली ऱ्हायना व्हता. केळीना झाडले आधार देवाले जशी दोरी वळतस तशी. दातखाले व्हट चावीसन."

शिरपूरच्या भावजयीचं रडणं एकदम बंद झालं. आणि पडदा सरकवून धनसिंग नाना काठी आपटत बाहेर आला.

पुढच्या रांगेतले लोक मागच्यांच्या मांडीवर पडले. दूधवाला चपला सोडून पळाला. मेहुण्याच्या हातात कापड तसंच. तो म्हणाला, "भाऊजी, तुम्हीन मरनात ना?"

"आजून नई!" नाना गरजला आणि तोतारामकडे वळला. "पानी चोरं, हां चोरं! ते ऱ्हाऊ दे. पन वेणी? मी कवय घाली वेणी? गावमा तोंड दखाडानी जागा ठेवी नई तू. ती वेणी काढ अन् माईक तुन्हा."

हेमराजनं तोतारामकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. एक वाक्य गाळलं की जन्माची जागा परत मिळत होती. तोतारामनं कागद पाहिला. वेणी काढली तर कागदावर फक्त पाणीचोर उरत होता, आणि तसे तर गावात पुष्कळ होते.

"नई निंघाव, नाना," तो म्हणाला.

"मंग लाव रे ते डबडं!"

हेमराजनं बटण दाबलं. भरदार आवाज आळीभर पसरला : "कैलासवासी..." हेमराज माईकमध्ये घाईनं म्हणाला, "धनसिंग नाना," आणि डबडं पुढे चाललं, "...हे अत्यंत मनमिळाऊ, धार्मिक वृत्तीचे आणि शांत..." नाना छाती काढून, काठी हवेत धरून ऐकत होता. शांत म्हटल्याबरोबर बायांमधून हसू फुटलं, ते ओट्यावरून सतरंजीपर्यंत आलं.

यशोदाबाई भावजयीचे हात सोडवून उठली. चालत स्पीकरपाशी गेली आणि तिनं वायर उपटली.

"हेमराज," ती म्हणाली, "मन्हा घरमा दुसरीना नवरा नको आणू."

"पन अक्का, नानानंच सांगं..."

"ते सांगतीन. वेणी मन्हा डोकानी व्हती. मी सांगस, त्यासनीच घाली. अन् वाकडी घाली. नर्सबाई रोज सोडीसन परत घाले."

मेहुण्यानं दुखवट्याचं कापड हळूच पाठीमागे लपवलं. ते परत नेता येत नाही आणि इथं देता येत नाही, या पेचात तो पार घामाघूम झाला होता.

"वाकडी नव्हती," नाना शेवटी म्हणाला. "घट्ट व्हती. घट्ट म्हन."

"वाकडीच व्हती, नाना," तोताराम म्हणाला. "मी देखेल शे."

नानानं काठी खाली टेकवली. मेहुण्याच्या शेजारी दोन माणसांमधली जागा हातानं रुंद केली आणि सतरंजीवर मांडी घालून बसला.

"बरं," तो म्हणाला. "पुढे बोल."