अर्ध्या ताटाचं इंग्रजी

शेवटचं जेवण तिला मीच भरवलं. दवाखान्यात, मऊ वरणभात. दोन घासांवर तोंड फिरवलं. म्हणाली, "इट झालं माह्यं. इट अप आता नाई होत." त्याच सांजेला सुमन गेली…

हे बोलणं वाचणाऱ्याला कळायचं नाही. सुमन, माझी बायको, इंग्रजीची मास्तरीन. रिटायर झाल्यावरही वडसा गावातल्या आमच्या घरी ओसरीत पोरांना शिकवायची. मी चौथी शिकलेला, राईस मिलमध्ये पोती उचलली. पण इट आणि इट अप, दोन्हीत खाणंच, मग फरक कोणता, हे पोरांना पुस्तकातून समजेना. तेव्हा तिनं मला समोर बसवलं, ताट दिलं. चार घास झाले की हात धरायची. "पाहा, हे इट." मग मला म्हणायची, "अवो, आता सारं संपवा." शीत राहिलं नाही की मी ताट उभं करून पोरांना दाखवायचो. ते इट अप. ड्रिंक अपच्या दिवशी तांब्याभर ताक पाजलं. पोरी म्हणाल्या, "बाई, भाऊचं पोट फुटन." ही म्हणे, "फुटू दे. फुकटात पिऊन राह्यले." बर्न आणि बर्न डाउन आलं तेव्हा मीच विचारलं, "आता काय घर पेटवतं?" म्हणाली, "तुम्ही काडी पेटवा. घराचं पोरं समजून घेतीन."

दुखणं आलं तसं तिचं जेवण अर्ध्यावर आलं. उरलेलं ताट माझ्याकडे सरकवायची, मी संपवायचो. आता माझंच अर्ध्यावर राहते. तिच्या मागं ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या पंगतीतून मी तसाच उठलो, तर तिच्या क्लासची एक पोरगी आडवी आली. "भाऊ, बसा. बाईनं उठू देल्लं असतं का?" बसलो. पण ताट अर्धंच ठेवलं.

भात अजून दोघांचाच शिजतो. हात ऐकत नाही. काल जेवताना अर्ध्यावर थांबलो आणि ताट समोर सरकवलं, ती बसायची तिकडे. भात थंडा झाला… मग ओढून घेतलं आणि खाल्लं. चव नव्हती. एकेक शीत वेचून खाल्लं. ओसरीत फळा आहे, चटया गुंडाळलेल्या आहेत, कोणी नाही.

तरी ताट उभं करून दाखवलं.