होडीचं पुढे काय झालं?

कतारमधल्या दोह्याला निघताना बॅगेत बाकरवडीच्या पुड्यांखाली मी एक कॅसेट ठेवली. सत्तरच्या दशकातली इंग्रजी गाणी; तिकडच्या खेड्यांतली जुनी लोकगीतं, पण गिटार आणि फिडलवर (म्हणजे व्हायोलिनवर) झोकात वाजवलेली. कॉलेजातल्या मित्राने भरून दिलेली. शेवटचं गाणं मासेमाराच्या होडीचं. वादळ उठतं, बायको कंदील घेऊन किनाऱ्यावर उभी राहते आणि नेमकी तिथेच टेप संपते. होडी आली की बुडाली, यावर आमच्या घरात लग्नापासून वाद. ही म्हणते आली, मी म्हणतो बुडाली.

अल दुहैलला धाकट्या बहिणीकडे, नंदाकडे उतरलो. वाटेत मेहुण्यांनी हॉर्न वाजवला, तर दुकानातून करक (वेलदोड्याचा दाट चहा) थेट गाडीपाशी आला. ही राजेशाही हिला फार आवडली.

शुक्रवारी मेसईदच्या वाळूच्या टेकड्या पाहायला गेलो. वाळूत शिरण्याआधी चाकांतली हवा कमी करायला मेहुणे विसरले आणि गाडी रुतली. आम्ही ढकलतोय, गाडी खोल जातेय. शेवटी जवळच सहलीला आलेल्या डेव्हिड नावाच्या इंग्रजाने जीपला दोर बांधून आम्हाला बाहेर काढलं. तो मेसईदच्या कारखान्यात इंजिनिअर होता. त्याच्या जीपमध्ये फिडल दिसलं आणि मला राहवेना. ते गाणं मी गुणगुणून दाखवलं. तो खूश झाला. हे तर आमच्या किनाऱ्याचं गाणं, म्हणाला.

आमचा वाद ऐकून तो पोट धरून हसला. मग म्हणाला, त्याच्या गावात होडी परत येते, शेजारच्या गावात बुडते. दोन्ही शेवट तितकेच जुने.

"तुम्हाला कोणता ऐकवू?"

ही माझ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांचा माझा हेका, पण तिच्या चेहऱ्यापुढे टिकेना.

"परत येणारा," मी म्हणालो.

त्याने फिडल सुरात लावलं आणि गायला लागला. गाण्यातली होडी किनाऱ्याला लागली तेव्हा नंदा टाळ्या वाजवत होती आणि हिचे डोळे भरले होते. माझेही.

परतीच्या विमानात ही खिडकीबाहेर बघत बसली होती. जिंकल्याची ऐट असेल, असं मला वाटलं.

"त्या शेजारच्या गावातल्या बाईचं वाईट वाटतं हो," ती म्हणाली.

जिंकूनही तिचं मन माझ्या बुडालेल्या होडीकडे गेलं होतं. वाद हरल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.