रावसाहेबांची वामकुक्षी आणि अभयचा वेज

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत अभय सोनटक्के राहतो. खराडीला कॉम्प्युटर कंपनीत आहे. तिथे नेमकं काय करतो ते त्याच्या बायकोला, म्हणजे मैत्रीलाही सांगता येत नाही. पण पगार बरा असावा, कारण कुणी विचारायच्या आतच तो "तसा फार नाही" म्हणतो.

दोन हजार तीनच्या सुमारास टेक्ससचा साहेब यायचा होता. नवं काम कुणाच्या हाती द्यायचं ते हा साहेब गोल्फ खेळता खेळता ठरवतो, अशी ऑफिसात कुजबुज. ज्याची मजल आजवर कॅरमपुढे गेली नव्हती, त्या अभयनं काठ्यांची पिशवीच आणली. लांबचे फटके कसेबसे जमले. अडलं ते जवळच्यात. त्याला वेज नावाची वेगळी काठी असते. चेंडू उंच उचलून खळगीतल्या झेंड्याशेजारी अलगद टाकायचा. हात थोडाच मागे न्या, पण चेंडूपाशी येऊन कचरू नका, असं सीडीतला गोरा गुरू बजावून सांगे.

सरावाला जागा एकच, गच्ची. सकाळी तिथे धुणी, संध्याकाळी पोरांचं क्रिकेट. उरली सुट्टीची दुपार. आणि गच्चीच्या बरोबर खाली रावसाहेब, पोस्टातून निवृत्त, एक ते चार आडवे. त्यांच्या दारावर पाटी आहे: 'चारपर्यंत बेल वाजवू नये. आग लागल्यास शेजारी कळवावे.'

तेव्हा अभय पायपुसण्यावर चेंडू ठेवी, वाळत्या साड्यांवरून पलीकडच्या गोधडीवर टाकू बघे, आणि काठी चेंडूला लागता लागता रावसाहेब आठवून हात आखडता घेई. चेंडू साडीतच अडके.

"मारतोयस की माफी मागतोयस?" मैत्रीनं विचारलं.

साहेब आले. विमानाचा शीण घालवून उठेपर्यंत दुपार झाली. येरवड्याच्या मैदानावर दोनला खेळ सुरू झाला. अभयचा वेजचा प्रत्येक फटका झेंड्याच्या अलीकडेच, वाळूच्या खड्ड्यात. साहेब सभ्यपणे झाडांवरचे पक्षी बघू लागले. काम हातचं चाललं होतं. शेवटच्या झेंड्यापाशी अभयनं सवयीनं घड्याळ पाहिलं. चार वाजून गेले होते. त्यानं हात मोकळा सोडला. खणकन आवाज झाला, आणि चेंडू उंच जाऊन झेंड्याच्या पायाशी बसला.

एकदम काय बदललं, साहेबांनी विचारलं. अभय खरं तेच बोलून गेला, "रावसाहेब उठले."

काम त्यालाच मिळालं. रावसाहेब म्हणजे याचे गोल्फचे गुरू, अशी साहेबांची समजूत झाली. जाताना त्यांनी गुरूंसाठी लांब चोचीची टोपी दिली. रावसाहेबांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि फुकट आहे ना, एवढंच विचारलं. हल्ली ते टोपी नाकापर्यंत ओढून झोपतात. झोप इतकी गाढ लागते, की परवा टाकीवाले गच्चीवर हातोडे घालत होते, तरी हलले नाहीत.

अभयला हे कुणी सांगितलेलं नाही. हात मोकळा सोडायला तो अजून चार वाजायची वाट बघतो.