पृथ्वीचा खंड

"मामलेदाराचा नाव घेतल्यान मास्तरान? तू आपल्या कानान आयकलंस?" देवळाच्या मांडवात, सगळ्या वाड्यासमोर, म्हाताऱ्या आपानं मला विचारलं. मास्तर समोरच उभा होता, हातात टोपी धरून.

मी म्हटलं, "घेतल्यान. आयकलंय मी."

घेतलं नव्हतं.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवालाही नाही — देवाला सांगायचं म्हणजे भटाच्या कानावर जाणार, आणि भटाच्या कानावर गेलं की झालं. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखता? असाल पेडण्याच्या बाजूचे, तर मला ठाऊक नाही तुम्ही हे का वाचताय.

आधी शेताचं सांगते, म्हणजे बाकीचं कळेल. आमचं घर गोव्यात, पेडण्याकडच्या धारगळजवळ. सासऱ्यानं मागे ठेवलेलं एकच शेत, अर्धं माझ्या नवऱ्याचं, अर्धं धाकट्या दिराचं. दीर ऐन तारुण्यात गेला. त्याची बायको सत्या आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत पाच पोरं घेऊन राहायची. तिला शेत कसणं जमेना, म्हणून तिचा भागही मीच कसायला घेतला. माझा नवरा डिचोलीला खाणीच्या ट्रकवर, आठवड्यातून एकदा घरी यायचा, लाल धुळीनं माखून. म्हणजे शेत माझ्याच अंगावर. सत्याला दरवर्षी खंड द्यायचा असं तोंडी ठरलं होतं.

खंड म्हणजे काय हे शहरातल्यांना माहीत नसेल. दुसऱ्याची जमीन कसली की पीक घरात आल्यावर मालकाला ठरलेलं भात मोजून द्यायचं, तो खंड. आमच्या वाड्यावर निम्मी घरं खंड देणारी आणि निम्मी घेणारी. सगळं तोंडी. कागद कुणाकडे नाही, आणि कागद नाही हेच बरं, असं दोन्हीकडच्यांना वाटायचं. मामलेदाराकडे नोंद झाली तर जमीन कसणाऱ्या कुळाच्या नावावर जाईल ही मालकाला भीती, आणि त्याआधीच मालक जमीन काढून घेईल ही कुळाला.

मी सत्याला खंड कमी द्यायचे. डुकरांनी खाल्लं, कणसं पोचट निघाली, असं सांगायचे. ती म्हणायची, "असांदे बाय, तू काय खोटा सांगशीत?" मी पायलीत भात ओतायचे आणि तिच्याकडे बघायचे — हिला कळतंय का? कळून गप्प आहे का? तिच्या चेहऱ्यावरून काही समजत नसे. त्यामुळे पुढच्या वर्षी मी आणखी कमी द्यायचे.

त्याच काळात शाळेत हा मास्तर आला. गोवा नुकतंच राज्य झालं होतं. कोकणी की मराठी यावरून माणसं एकमेकांकडे वाकडी बघत. सकाळी सायकलवर पदेर पाव घेऊन आला, तर त्याच्याशी कोण कुठल्या भाषेत बोलतो याच्यावरही कान. मास्तर सावंतवाडीकडचा. सत्याचं माहेरही तिकडचंच. दोघं हद्दीपलीकडची — एवढं मला पुरेसं होतं. आणि तो बोलायचा गोड. गोड बोलणाऱ्याला काहीतरी हवं असतं, नाही का?

एके दिवशी माझी मुलगी सुमन शाळेतून आली आणि म्हणाली, "आई, मास्तरांनी विचारलंय, घरात माणसं किती आणि शेत केवढं. उद्या खंड घेणार आहेत."

मी भाकरी थापत होते. ती तशीच परातीत ठेवली.

"कसले खंड?"

"सगळे. कुठला मोठा, कुठला लहान, कुठल्यात माणसं जास्त."

मी चौथीपर्यंत शिकले. आमच्या वेळी भूगोल म्हणजे गाव, नदी आणि समुद्रापलीकडे पोर्तुगाल. पृथ्वीवरच्या मोठमोठ्या जमिनींनाही मराठीत खंड म्हणतात हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी काय समजले ते तुम्हीच बघा. माणसं किती, शेत केवढं, खंड किती — मामलेदाराचा माणूस कूळ आणि मालक यांची चौकशी करतो, ती अशीच. मला वाटलं, सत्यानं आपल्या माणसाला कामाला लावलं.

त्याच संध्याकाळी नळावर मी चार बायकांना सांगितलं, मास्तर पोरांकडून घराघरातला खंड काढून घेतोय. इथपर्यंत मी खोटं बोलले नव्हते. हे मी सुटायला सांगत नाही. सुटका नाहीच, पुढचं ऐकलंत की कळेल.

दुसऱ्या दिवशी मी शाळेकडे गेले. फणसाच्या आडोशाला उभी राहिले. मास्तरानं अंगणात चुन्यानं मोठमोठे आकार काढले होते आणि पोरं त्यात उभी करत होता. एका आकारात अर्ध्याहून जास्त वर्ग कोंबलेला. पोरं एकमेकांच्या पायावर पाय देत होती, हसत होती. तो आशिया. सगळ्यांत मोठी जमीन, आणि माणसंही सगळ्यांत जास्त. त्याहून थोड्या लहान आकारात मोजकी पोरं, ती आफ्रिका. युरोप दिसायला लहान, पण पोरं बरीच. एक मोठा पांढरा आकार अगदी रिकामा, तिथं बर्फ आहे म्हणे, कुणी राहत नाही. आणि कोपऱ्यातल्या सगळ्यांत लहान आकारात माझी सुमन एकटी, तोंड फुगवून.

"ऑस्ट्रेलिया," मास्तर म्हणाला. "खरं तर तुझा नुसता हात तिथं ठेवला तरी पुरे. आख्खी सुमन जास्त होते."

पोरं खिदळली. मग त्यानं विचारलं, "आता आपल्या वाड्यावर बघूया. माणसांच्या मानानं शेत मोठं, असा ऑस्ट्रेलिया कुणाचं घर?"

"सुमनचं!"

"आणि इतक्याशा जागेत माणसांची दाटी?"

सत्याची गुणी आशियाच्या गर्दीतून हात वर करून ओरडली, "आमचां! पण मास्तर, ऑस्ट्रेलियाचो अर्दो आमचोच. काकी कसता."

मास्तर हसला. "मग काकी खंड देते की नाही तुम्हाला?"

"देता. उलिसो."

म्हणजे जरासा. त्यावरही पोरं हसली. मास्तर मात्र हसला नाही. निदान मला तसं दिसलं.

तेव्हा मला सगळं समजलं — खंड म्हणजे काय तेही, आणि मास्तर मामलेदाराचा माणूस नाही तेही. साधा भूगोल चालला होता. मी घरी येऊन नळावर जाऊन सांगायला हवं होतं, बायांनो, मी चुकले. पण सत्याच्या पोरीला 'उलिसो' कळत होतं. म्हणजे सत्याच्या घरात ते बोललं जात होतं. आणि आता मास्तरालाही कळलं होतं. तो सत्याला जाऊन हिशेब समजावून सांगणार नाही कशावरून? दोन दिवसांनी रस्त्यात भेटला तर म्हणाला, "वयनी, यंदा भात बरं आलंय ना?" ह्याला काय करायचं माझं भात?

वाड्यावर तोवर आग लागली होती. ज्याच्या त्याच्या घरात झाकलेला खंड. मांडवात माणसं जमली, मास्तराला बोलावलं. त्यानं खरं तेच सांगितलं — "अहो, मी पृथ्वीचे खंड शिकवत होतो!"

आपानं डोळे बारीक केले. "पृथ्वीचो खंड? आणि तो कोण भरता रे, मास्तर?"

मांडवभर हशा पिकला. मास्तर आपली थट्टा करतोय असं अर्ध्यांना वाटलं, उरलेल्यांना तो सारवासारव करतोय असं. तरीही तो तेवढ्यावर सुटला असता. शाळेतलं पुस्तक आणून दाखवतो म्हणत होता. तेव्हा आपा माझ्याकडे वळला. सुरुवात मी केली होती, शेवट माझ्याकडेच होता. त्यानं मामलेदाराबद्दल विचारलं आणि मी जे म्हटलं ते म्हटलं.

मास्तर माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही. गणित चुकलेल्या पोराकडे बघतात तसं, कुठं चुकलं ते शोधत. मी डोळे खाली केले नाहीत. खोटं बोलणाऱ्यानं डोळे खाली करू नयेत, एवढं मला कळत होतं.

पुस्तक कुणी बघितलं नाही. त्याला राहायला खोली देणाऱ्यानं खोली काढून घेतली. दूध बंद झालं. पोरं शाळेत पाठवीनात. महिनाभरात त्यानं बदली मागून घेतली आणि ट्रंक डोक्यावर घेऊन हमरस्त्यापर्यंत चालत गेला. पोचवायला फक्त सत्याची पोरं गेली.

सत्यानं मला एक शब्द विचारला नाही. पण मास्तरावर मामलेदाराचं नाव घेतल्याचा आळ आल्यावर वाड्यावर कुणी खंडाचा विषय काढायचा नाही असं झालं. मग मी तिला खंड देणंच बंद केलं. काही वर्षांनी कागदावर शेत आख्खं आमच्या नावावर चढलं. तिनं विरोध केला नाही. कुणाच्या जोरावर करणार होती? तिची पोरं तुयेला कारखान्यात लागली आणि ती त्यांच्या मागून गेली, भाड्याच्या एका खोलीत. गुणीनं शाळा मध्येच सोडली. हुशार होती.

सुमनचं काय? मांडवात ती खांबाला टेकून उभी होती. खंड म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. मी शाळेकडे आले होते ते तिनं बघितलं होतं का, हे मला माहीत नाही. इतकी वर्षं ती येते, जेवते, गप्पा मारते, आणि मी तिचं तोंड बघत बसते. शेताचा विषय निघाला की ती पाणी प्यायला उठते. तहान लागते म्हणून उठते का?

त्या मास्तरानं गुणीला खंडाचं मुद्दाम विचारलं, असं मला अजूनही अधूनमधून वाटतं. वाटलं म्हणून काही बदलत नाही. मामलेदाराचं नाव त्यानं घेतलं नव्हतं. मी घेतलं.

नवरा गेला. सत्या तुयेलाच वारली, तिच्या दिवसांना मी गेले नाही. मास्तर जिवंत आहे की नाही ठाऊक नाही. शेत कसायला माणूस मिळत नाही, पडून असतं. जमिनीच्या उताऱ्यावर माझं नाव आहे, आणि घरात मी आहे.