राख मुळाला द्यावी

केळीच्या खालच्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या वाळत चालल्या होत्या. घड लागत होते, पण केळ भरत न्हवतं. मालक बांधावर उभे राहून म्हणाले, "मुकादम, पुढच्या घडालाबी असंच झालं तर बाग उपटून ज्वारी पेरीन. तुमी दुसरी नोकरी बघा."

युसूफ वडगाव या गावच्या शिवारात त्यांच्या मळ्यावर मी मुकादम होतो. राज्य निजामाचं. मळ्यातच खोली, तिथं मी आन माझी बायको सखू. नोकरी गेली म्हंजे छप्परबी गेलं.

केळीला काय कमी पडलं ते मला ठावं होतं. राखेत एक खार असतो, आता सायेबलोक त्याला पोटॅश म्हणत्यात. त्यानं फळ भरतं. म्हणून गुऱ्हाळावरनं दोन गाड्या राख आणली, बागेत वरून उधळली, पाणी सोडलं. दोन महिने गेले. कायबी फरक न्हाई.

"अजून दोन गाड्या आणतो," मी म्हणालो.

सखू भांडी घासत होती. "आणा की. माती खाईल, केळ उपाशी राहील."

"तुला काय कळतंय बागेतलं?"

"बागेतलं न्हाई, मोरीतलं कळतंय." तिनं खुरपं घेऊन भांडी घासायची जागाच खणली. कित्येक वर्सं तिथं राखेचं पाणी पडत होतं. वर बोटभर माती करडी. त्याखाली काळीकुट्ट, कोरी. "बघा. आपली चिकण माती राख वरच्यावर धरून बसती. अवो, लेकराला घास तोंडात द्यावा का अंगणात फेकावा?"

मी ती कोरी माती बोटानं चोळून बघितली.

दुसऱ्या दिवसापासून दोघं लागलो. बुंध्यापासून हातभर लांब, वीतभर खोल चर. त्यात राख, वर माती. एकदम न्हाई, तीन खेपांत, थोडी थोडी. सखूच्या हाताची सालटी निघाली, पण एक झाड सोडलं न्हाई तिनं.

पुढचा घड उचलताना बागवान व्यापारी वाकला. "काय बे मुकादम, शिसं भरलंस का ह्यात?"

मालकांनी मला पटका बांधला. इचारलं, "कुणी शिकवलं?"

"हुजूर, अनुभव."

सखू दारातच उभी होती. सांजच्याला ताट वाढताना म्हणाली, "अनुभवालाबी जेवाया बोलवा की."

लई हसली. पुन्हा कधी तो विषय काढला न्हाई.

यंदा सखू गेली. मालक तर कवाच गेले. आता सांगायला तुमीच उरलात. चिकण मातीत राख मुळाजवळ द्यावी. आन शिकवणाऱ्याचं नाव तवाच सांगावं.